हप्ते दोघांचे, घर एकाचं

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्यात एक बाजू संस्कृतीच्या नावाने गळा काढते आणि दुसरी स्वातंत्र्याच्या नावाने टाळ्या घेते. माझ्या टेबलापर्यंत येतं ते तिसरंच. मी पुण्यात वकिली करते, तीही बरीचशी कागदपत्रांची: सर्च रिपोर्ट, खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, सोसायट्यांची भांडणं. माझ्याकडे येणारी जोडपी प्रेमाबद्दल बोलायला येत नाहीत. ती वाकडच्या, बाणेरच्या, उंड्रीच्या टू बीएचकेबद्दल बोलायला येतात. वेगळं व्हायचं ठरलेलं असतं, रडारड होऊन गेलेली असते, आणि उरलेलं असतं ते एवढंच की फ्लॅटचं काय करायचं.

आजच्या घडीला याचं उत्तर असं आहे की इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या उताऱ्यावर, ज्याचं नाव, फ्लॅट त्याचा. पैसे कुणी भरले हे सांगायला गेलात, की कायदा आधी विचारतो, तुम्ही एकमेकांचे कोण? मुद्रांक शुल्क, आयकर, बेनामी व्यवहार, गृहकर्ज, सगळीकडे हाच प्रश्न. माझं म्हणणं असं, की सरकारने हा प्रश्न विचारणं सोडून द्यावं आणि कुणी किती घातले एवढंच नोंदवून घ्यायची स्वस्त, सोपी सोय करावी. का, ते सांगते. अशिलांची ओळख पटू नये म्हणून गावं आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

गेल्या वर्षी एक मुलगा आला. मुलगा म्हणजे चौतिशीचा. मला हल्ली सगळेच मुलगे वाटतात. मूळचा विदर्भातला, नोकरी हिंजवडीत. २०२१च्या जुलैत त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने वाकडला ७२ लाखांचा फ्लॅट घेतला. घेतला दोघांनी, नावावर मात्र एकट्या तिच्या. कारणं दोन. पहिलं म्हणजे बँक. बऱ्याच बँका सहअर्जदार म्हणून नवरा-बायको, आईवडील, भावंडं अशीच नाती धरतात. मित्र म्हटलं की काउंटरपलीकडचा माणूस चष्म्यावरून बघतो. दुसरं कारण सरकारी. त्याच वर्षी १ एप्रिलपासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट लागू झाली होती. सोबत पुरुषाचं नाव आलं की सूट गेली. ७२ हजार वाचतात म्हटल्यावर दोघांनी फार डोकं लावलं नाही. ही सूट चांगल्या हेतूनेच दिली आहे, बायकांच्या नावावर घरं व्हावीत म्हणून. पण दोघांनी मिळून घेतलेल्या घरातून एकाचं नाव गाळायला ती रोख बक्षीसही देते, हे कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

सुरुवातीचे १४ लाख त्याने घातले. त्यातले काही प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले, काही वडिलांनी दिलेले. पुढे दर महिन्याला तिच्या खात्यावर ३० हजार, कारण हप्ता तिच्या खात्यातून कापला जायचा. इथवर ठीक. पण कंपनीत घरभाडे भत्त्यावरची करसवलत मिळावी म्हणून या शहाण्याने तिला घरमालकीण दाखवलं. भाडेपावत्या, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प, भाडं वर्षाला लाखावर जात असल्यामुळे तिचा पॅन नंबर, सगळं चोख. यूपीआयच्या शेऱ्यात एका महिन्यात ‘ईएमआय’, पुढच्या महिन्यात ‘रेंट’, एका महिन्यात नुसताच हसरा चेहरा.

मी त्याला म्हटलं, ‘तू नक्की कोण? मालक की भाडेकरू?’

‘मॅडम, ते नुसतं टॅक्ससाठी होतं.’

कोर्टात ‘नुसतं टॅक्ससाठी’ असं काही नसतं. स्वतःच्या सहीने, स्वतःच्या कंपनीला, साडेतीन वर्षं तू लेखी सांगितलंस की मी या घरात भाड्याने राहतो. आता मालक आहे म्हणायला कुठल्या तोंडाने उभा राहणार?

पावत्या क्षणभर बाजूला ठेवल्या तरी रस्ता मोकळा नव्हताच. ‘पैसे माझे, नाव तिचं, घर माझ्यासाठी घेतलं’ असा दावा लावला तर तो बेनामी व्यवहाराची कबुली ठरतो. १९८८च्या या कायद्याला २०१६च्या दुरुस्तीने चांगलेच दात बसवले आहेत: एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. त्यातल्या कलम ४ प्रमाणे बेनामी मालमत्ता परत मागायचा दावाच चालत नाही. आता यातली गंमत बघा. नवऱ्याने स्वतःच्या उघड कमाईतून बायकोच्या नावावर घर घेतलं तर ते बेनामी नाही. मुलाच्या, मुलीच्या नावावर घेतलं तरी नाही. भाऊ-बहीण, आईवडील यांच्यासोबत संयुक्त नावावर घेतलं तरी नाही. संसद ही यादी करायला बसली तेव्हा भावा-बहिणीपर्यंत पोचली, पण एका छताखाली दहा वर्षं राहणाऱ्या जोडीदाराची तिला आठवण झाली नाही.

दुसरा रस्ता म्हणजे पैसे उसने दिले होते म्हणायचं. त्याला मुदत तीन वर्षांची. १४ लाख दिले जुलै २०२१मध्ये, आणि दोघं वेगळे झाले २०२४च्या दिवाळीनंतर. उसनवारीचा कागद नाही, कधी परत द्यायचे याचा एक शब्द कुठे लिहिलेला नाही. मुदत केव्हाच उलटून गेली होती. तिसरा रस्ता, प्रेमाने दिले होते. मग विषयच मिटला. दिलेली भेट परत मागता येत नाही.

मुलगी वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. बैठकीला माझ्या ऑफिसात आली तेव्हा दोनशे पानी वही घेऊन आली. त्यात त्याने दिलेल्या पैशांची महिनावार बेरीज होती आणि ती माझ्या अशिलाने केलेल्या बेरजेपेक्षा काही हजारांनी जास्तच निघाली. सोफ्याचे पैसे तो विसरला होता. तिचे वडील मात्र ठाम होते. ‘राहिला, भाडं दिलं, गेला. यात घर कुठून आलं?’ कायद्याच्या भाषेत सांगायचं तर त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शेवटी नऊ लाखांवर मिटलं, दोन टप्प्यांत. मुदत गेलेलं देणं लेखी कबूल केलं आणि फेडायचं वचन सही करून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते पुन्हा वसूल करता येतं. त्या कलमाचा आधार घेऊन कागद केला. ‘परतफेड’ असंच लिहिलं, ‘भेट’ नाही. कारण नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात पन्नास हजारांवर भेट आली तर ती सगळीच करपात्र होते, आणि आयकर खात्याच्या नातेवाइकांच्या यादीतही हे दोघं एकमेकांचे कुणीच नव्हते. हे सगळं जुळून आलं ते तिच्या त्या वहीमुळे. तिने वही घरी ठेवली असती तर मी त्या मुलाला चहा पाजून परत पाठवलं असतं.

याच्या उलट बाजूचं प्रकरण मी जास्त वेळा बघते, आणि त्यात वहीसुद्धा नसते.

फ्लॅट त्याचा, आधीपासूनचा किंवा एकट्याच्या नावावर घेतलेला. हप्ता त्याच्या पगारातून. घर चालवायचं तिने: किराणा, दूध, वीजबिल, स्वयंपाकाच्या मावशी, सोसायटीचा मेंटेनन्स, आणि एका प्रकरणात तर त्याच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही. दोघांचा पगार जवळपास सारखा. सहा वर्षांनी वेगळे झाले तेव्हा त्याच्याकडे निम्म्याहून अधिक फिटलेलं घर होतं, आणि तिच्याकडे दोन बॅगा, एक मिक्सर आणि बँकेचं स्टेटमेंट, ज्यात ओळीने भाजीवाला, गॅस, मेडिकल. तिचा पगार भाजीत गेला, त्याचा भिंतीत. तिने एकरकमी खर्च केला होता तो फक्त स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांवर, साडेचार लाख. तिने मला विचारलं, ‘त्या काढून नेता येतील का?’ बिल तुझ्या नावावर असेल तर भांडता येईल, म्हटलं, पण त्या मापाच्या ट्रॉल्या दुसऱ्या ओट्याखाली बसणार नाहीत. ती हसली. मग म्हणाली, ‘तरी नेते.’

अशा बाईच्या हाताशी काही एक कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा ‘विवाहसदृश नात्या’तल्या स्त्रीलाही लागू होतो. छळ झाला असेल तर तिला सामायिक घरातून हुसकावता येत नाही, पर्यायी निवासाची सोय किंवा खर्च मागता येतो. मोठाच आधार आहे तो, कमी लेखू नये. पण तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. छळ झाला नसेल, नुसतं पटलं नसेल, तर तोही नाही. पुरुषाला तो कायदा नाहीच. आणि नातं विवाहसदृश होतं हे सिद्ध करायचं ओझं तिच्याच डोक्यावर. २०१०च्या वेलुसामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या: समाजात नवरा-बायकोसारखे वावरलेले असावेत, दोघं लग्नाला पात्र असावेत, बराच काळ स्वखुशीने एकत्र राहिलेले असावेत. म्हणजे ज्या जोडप्याने सोसायटीत बोभाटा नको म्हणून चुलत भावंडं असल्याचं सांगितलं, त्यांची पंचाईत. भाडेकरारावर ‘कझिन’ लिहिलेली अशी जोडपी मी पाहिली आहेत. घर मिळावं म्हणून खोटं बोलायला आपणच त्यांना भाग पाडतो, आणि मग तेच खोटं त्यांच्या अंगाशी येतं.

बंगळुरूच्या इंद्रा सरमा प्रकरणात २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अठरा वर्षांचं नातं होतं. एकाच कंपनीत नोकरीला असलेली दोघं. तो विवाहित आहे हे तिला माहीत होतं. दंडाधिकाऱ्यांनी तिला महिना १८ हजार रुपये मंजूर केले होते. उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेणं कायम केलं. तो विवाहित, म्हणून हे नातं विवाहसदृश नाही, बाई कायद्याच्या कक्षेबाहेर. त्याच निकालात न्यायालयाने अशा नात्यातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी संसदेने काहीतरी कायदा करावा असंही म्हटलं. त्याला आता दशक उलटून गेलं. त्याआधी २००८मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दीर्घकाळ पत्नीसारखी राहिलेल्या स्त्रीला पोटगी मागता यावी म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५मध्ये बदल करायचं ठरवलं होतं. केवढी चर्चा झाली होती तेव्हा! तो बदल काही झाला नाही. आता तर ती संहिताच गेली आणि १२५चं १४४ झालं. आणि या सगळ्यात बोलणं चाललंय ते पोटगीचं. साडेचार लाखांच्या ट्रॉल्या पोटगीत बसत नाहीत.

‘मग लग्न करा की! कुणी अडवलंय?’ हे मला प्रत्येक समारंभात ऐकवलं जातं, बहुधा जेवणाच्या रांगेत.

पहिली गोष्ट, काहींना अडवलेलंच आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला. एरंडवण्यात संयुक्त नावावर घर घेतलेल्या दोन बायकांना ‘लग्न करा’ म्हणणं म्हणजे नुसती टवाळी. दुसरी, साठीपुढचे विधुर आणि विधवा. हा वर्ग पुण्यात वाढतो आहे, आणि तो लग्न टाळतो ते मुख्यतः मुलांच्या धाकाने. बाबांनी लग्न केलं तर फ्लॅटला वारस वाढेल, या भीतीने अमेरिकेतला मुलगा रात्री दोन वाजता मला फोन करतो.

आणि तिसरी गोष्ट अशी, की लग्न केल्याने घर अर्धं होतं हा समजच मुळात खोटा आहे. हे सांगितलं की चांगल्या शिकलेल्या बायकांचे चेहरे पडतात. गोवा सोडला तर भारतात नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोला घटस्फोटाच्या वेळी आपोआप हिस्सा मिळत नाही. पोटगी मिळते, राहायला जागा मिळते, मालकी नाही. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे. तिथे वेगळा करार केला नसेल तर नोंदणीकृत लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता सामायिक होते आणि घर विकायला दोघांच्या सह्या लागतात. सावंतवाडीची मुलगी पेडण्यात लग्न करून गेली की तिची कायदेशीर पत किती वाढते, हे खरं तर वधुवर मेळाव्यात सांगायला हवं. पण गोव्यातही लग्न नोंदवलेलं नसेल तर यातलं काही नाही. उरलेल्या देशात घटस्फोटाच्या वेळी बायकोला मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढे विरून गेलं.

या अंधारात मला एक निकाल महत्त्वाचा वाटतो. जून २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कन्नाइयन नायडू प्रकरणात म्हटलं, की नवरा परदेशात कमावत होता तेव्हा बायकोने घर आणि मुलं सांभाळली, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा आहे. प्रकरण विवाहितांचं होतं हे खरं. पण न्यायालयाने मोजले ते तिचे कष्ट. आणि कष्ट मोजायचे म्हटल्यावर मंगळसूत्र आहे की नाही याने बेरीज कशी बदलेल?

उत्तराखंडने दुसरी वाट धरली. तिथला समान नागरी कायदा २७ जानेवारी २०२५पासून लागू आहे. एकत्र राहायला लागल्यापासून महिन्याभरात नोंदणी करायची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जोडीदाराने सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगीचा हक्क दिला, मुलं औरस मानली, हे चांगलं. पण दोघांनी मिळून घेतलेल्या घराची वाटणी कशी करायची, यावर तो कायदा गप्प आहे. म्हणजे सरकारला जोडप्याचं नाव, पत्ता, आधीच्या नात्याचे कागद सगळं हवं, आणि भांडण ज्यावरून होतं ते घर तेवढं नको. असं काही महाराष्ट्रात आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्याला माझा विरोध आहे. तुरुंगाच्या भीतीने माणसं नातं नोंदवत नाहीत, ‘कझिन’ लिहितात.

मी मागते ते फार साधं आहे. पहिलं मागणं मुद्रांक शुल्काचं. तिसरं एक प्रकरण सांगते, थोडक्यात. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर. तो बंगळुरूला गेला. हप्ते ती एकटी भरते आहे, पण बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाचे देणेकरी. तिचा एक हप्ता चुकला की त्याचाही सिबिल घसरतो, आणि त्याला तिकडे नवं कर्ज मिळेना. दोघांचं एकमत होतं की त्याचा हिस्सा तिच्या नावावर करून मोकळं व्हायचं. भांडण नाही, तक्रार नाही. फ्लॅटची किंमत आज ९० लाख, त्याचा हिस्सा ४५. ती दोघं नवरा-बायको असती तर राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. ती नव्हती, म्हणून हक्कसोडपत्राला खरेदीखताइतकं शुल्क, सहा-सात टक्के, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. वर मोबदला न घेता दिलं तर तिच्यावर आयकर. ते ऐकून दोघं आल्या पावली परत गेली. तो फ्लॅट अजून दोघांच्याच नावावर आहे. दोघांनी दुसरीकडे संसार मांडले तरी इंडेक्स टूवर ते एकत्र नांदताहेत.

राहतं घर, एकच, खरेदीपासून दोघांच्या नावावर, किमान तीन वर्षं ताब्यात असलेलं. अशा घरातला एकाचा हिस्सा दुसऱ्याकडे जाताना शुल्क नाममात्र ठेवा. नातं विचारू नका. बहिणी-बहिणी असोत, मैत्रिणी असोत, प्रेमी असोत. मुद्रांक शुल्क हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, बायकांना एक टक्का सूट द्यायला जसं मुंबईत ठरवता आलं तसं हेही येईल. याने गुंतवणूकदार पळवाटा काढतील, हा आक्षेप मला महसूल खात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी लगेच घेतला. एकच घर आणि तीन वर्षांची अट ठेवली तर किती काढतील? आणि आज जे अशी हक्कसोडपत्रं करतच नाहीत, त्यांच्याकडून सरकारला शुल्क मिळतंय तरी कुठे?

याच हिशेबाने, एक टक्क्याची सूट बाईच्या हिश्श्यापुरती चालू ठेवा, पुरुषाचं नाव सोबत आलं तरी. मग ७२ हजारांसाठी कुणाचं नाव गाळलं जाणार नाही.

दुसरं दिल्लीचं काम: बेनामी कायद्याच्या अपवादात एकाच घरात राहणारे सहमालक घाला. दस्तावर दोघांची नावं आहेत आणि पैसे बँकेतून गेले आहेत, यात लपवालपवी कसली?

न्यूझीलंडने २००२पासून तीन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या घराची सरसकट निम्मी वाटणी लागू केली, लग्न असो वा नसो. माझा एक मावसभाऊ ऑकलंडला असतो. त्याच्या मुलाने मैत्रिणीसोबत राहायला जाताना दोन वेगवेगळे वकील गाठून त्यातून बाहेर राहण्याचा करार केला, तेव्हा आमच्या मावशीला वाटलं नातं तुटलं. मला ती सरसकट निम्मी वाटणी आपल्याकडे नको वाटते. ज्या समाजात घराचे पैसे निम्म्या वेळा आईवडिलांच्या फंडातून आलेले असतात, तिथे तीन वर्षांत अर्धं घर गेलं तर जोडपी राहतील बाजूला आणि सासरे-व्याही कोर्टात उभे राहतील. घातलेले पैसे आणि चालवलेलं घर, दोन्ही मोजा. समसमान करण्याची सक्ती नको.

हे होईल तेव्हा होईल. आज जे घर घेताहेत त्यांच्यासाठी कायद्यात एक जुनं, दणकट कलम आहे, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४५. दोघांनी मिळून पैसे देऊन घेतलेल्या मालमत्तेत, वेगळा करार नसेल तर, ज्याने जितके घातले तितका त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर निम्मा-निम्मा. यात लग्नाचा शब्दही नाही. इंग्रजांनी एकशे चाळीस वर्षांपूर्वी हे लिहिलं तेव्हा त्यांना फक्त पैशाशी मतलब होता, आणि या बाबतीत तेच बरं. पण या कलमाचा फायदा घ्यायचा तर दस्तावर दोघांची नावं हवीत. बँक एकाच्याच नावावर कर्ज देत असेल तर दुसरी बँक गाठा. सूट जाते म्हणून रडू नका.

मग करारनाम्यात खरेदीदारांची नावं येतात तिथे खाली एक ओळ घाला: खरेदीदार क्रमांक एकचा हिस्सा अमुक टक्के, क्रमांक दोनचा अमुक टक्के. त्या ओळीला वेगळं मुद्रांक शुल्क लागत नाही. घर चालवण्याचा खर्च एकजण करणार आणि हप्ता दुसरा, असं ठरलं असेल तर टक्के ठरवताना ते धरा. बिल्डरचा माणूस म्हणेल, आमच्या छापील मसुद्यात बसत नाही. बसतं. मी बसवलेलं आहे. तरी ऐकलं नाही तर पाचशेच्या मुद्रांकावर दोघांमधला वेगळा करार करा: कुणी किती घातले, वेगळं झाल्यास कोण कुणाचा हिस्सा कुठल्या भावाने घेणार, तोवर हप्ता कोण भरणार. तो नोटरीपुढे करू नका, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा; नोटरीच्या कागदावर घरातला हक्क उभा राहत नाही. आणि यूपीआयच्या शेऱ्यात हसरा चेहरा टाकू नका. ‘वाकड फ्लॅट, माझा हिस्सा, जुलैचा हप्ता’ असं लिहा.